वेढे

सेलूत, स्टेशन रोडला, पत्र्याच्या आठ बाय सहात
मी जळके पंखे उघडून बसते.
जळक्या वार्निशचा वास ओढणीला लागलाय, उशीला लागलाय,
डब्यातल्या भाकरीलाही थोडा.
बोर्डावर रफिक पेंटरनं लाल अक्षरात काढलंय:
पद्मीन मोटार रिवायंडिंग.

तरी येणारा माझ्या डोक्यावरून आत बघतो.
"मिस्त्री कुठं गेलेत, बाई?"
पहिल्या वर्षी सांगायचे, मीच.
दुसऱ्या वर्षी नुसता पेचकस उचलायचे.
आता म्हणते, "जेवायला गेलेत. ठेवा इथं,
सांजच्याला घेऊन जा."
सांजच्याला पंखा फिरतो.
मिस्त्री अजून जेवतच असतात.

भिंतीवर खडूनं लिहिलंय: यंत्र, मार्च.
मार्च खोडून अक्षयतृतीया.
ती खोडून पोळा.
वेढे मोजणारं यंत्र जालन्याला मिळतं,
आकडा लावला की आपला आपण थांबतो म्हणे तो.
तोवर हे हात, आणि ही जीभ:
एक, दोन, तीन,
केसाएवढी तार, एका गुंडाळीला तीनशे दहा.
मध्येच कुणी हाक मारतं, "पद्मे, सुट्टे हायेत का शंभराचे?"
दोनशे चौदा होते, का दोनशे चोवीस?

अशा वेळी दोनच वाटा असतात.
एक, अंदाज धरायचा आणि पुढं जायचं.
वालूरच्या गुलाब चाचांचा पंखा मी अंदाजानं भरला होता एकदा.
फिरला की. झकास फिरला.
चौथ्या महिन्यात चाचा तो डोक्यावर घेऊन आले,
काही बोलले नाहीत, पाणी मागून प्याले फक्त.
तेव्हापासून दुसरी वाट:
उलगडायचं. सगळं.
तार मोडू द्यायची नाही, आणि स्वतःला शिव्या
मनातल्या मनात, त्यासुद्धा हळू.

भादव्यात मात्र उलगडायलाही काही नव्हतं.
गार हवेत कुणाला पंखा आठवतो?
विहिरी भरलेल्या, मोटारी झाकलेल्या,
वहीत तारीख लिहायची आणि पुढं रेघ.
अकरा रेघा झाल्या तेव्हा भाऊ म्हणाला,
"परभणीला कापडाच्या दुकानात बिलिंगला माणूस पाहिजे.
नऊ हजार. वर बसायला खुर्ची."
खुर्ची, हे त्यानं दोनदा सांगितलं.

तीन दिवस मी शटर उघडलं नाही.
घर सारवलं, डाळ निवडली,
डाळ निवडताना मोजत होते, हे आईनं पाहिलं.
काही म्हणाली नाही तीही.

चौथ्या दिवशी सामान आणायला गेले,
सोल्डरिंग, पक्कड, सिरीजचा बल्ब.
शटरच्या कड्याला सुतळीनं बांधलेला एक टेबल फॅन,
जाळीत वहीचं पान खोचलेलं,
अक्षर लेकराचं, तिरकं, मोठालं:
"मिस्त्री जेवून आले की बघा म्हणावं. घाई नाही."
खाली मोबाईल नंबर.
आकडे मोजले. नऊ.

फोन लावायची सोय नव्हती.
परत द्यायची सोय नव्हती.
शटर वर केलं, कसं केलं ते आठवत नाही,
गुंडाळी खोलली, काळी ठिक्कर,
आणि बसले खाली, पोत्यावर,
एक, दोन, तीन.

आज दसऱ्याला वीस दिवस झाले.
ऊन असं की पत्रा तडतडतोय.
त्या फॅनचा धनी काही आला नाही,
आणि पंखे दुरुस्त करणारीकडं
स्वतःचा पंखा कधी नव्हता, हे आता कळतंय मला,
त्याच्या वाऱ्यात वहीची पानं उडतात तेव्हा.
भिंतीवरचा पोळा पुसला. पुढं महिना लिहिला नाही.
यंत्र, एवढंच ठेवलं.

दारात सावली पडते.
"मिस्त्री हायेत का?"
मी मान वर करत नाही.
एकशे एक्क्याऐंशी.
बोटानं खुणावते, थांबा जरा.
एकशे ब्याऐंशी.